चाकणहून फ्रँकफुर्ट, व्हाया तळेगाव चौक

पुणे ते फ्रँकफुर्ट अंतर साधारण 6,700 किलोमीटर. विमानाला पावणेनऊ-नऊ तास पुरतात. मोबाइलला विचारलं की तो पापणी लवायच्या आत हे उत्तर देतो, आणि ते चुकीचंही नसतं. फक्त त्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, तुम्ही लोहगावच्या धावपट्टीवर पट्टा बांधून बसलेले आहात. दोन, लोहगावहून फ्रँकफुर्टला विमान जातं.

चाकण-पिंपरीच्या माणसाच्या बाबतीत दोन्ही खोटं. आणि जर्मनीशी घरोबा असावा तर तो याच पट्ट्याचा. आकुर्डीचा तीनचाकी टेम्पो मूळचा हॅम्बुर्गचा. मर्सिडीज आली ती आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात भाडेकरू म्हणून राहिली आणि 2009 साली चाकणला स्वतःच्या घरात गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग करणारे, त्या सुट्या भागांचे सुटे भाग करणारे, आणि या सगळ्यांना डबे पुरवणारे असा मोठा गोतावळा जमला. त्यामुळे भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपचा मालक, ज्याला सदाशिव पेठेत गाडी कुठे लावायची हे अजून उमगलेलं नाही, तो स्टुटगार्टच्या स्टेशनावर कुठल्या बाजूने बाहेर पडायचं हे बिनचूक सांगतो.

या भागात कुणाला ‘किती लांब आहे?’ असं विचारून बघा. किलोमीटरमध्ये उत्तर येत नाही. ‘निघणार कितीला?’ असा उलट प्रश्न येतो. मोशी ते नाशिक फाटा हे अंतर सकाळी सहाला वीस मिनिटं असतं, नऊला तासभर, आणि फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ज्याच्या त्याच्या नशिबाएवढं. शिफ्ट, वार, पाऊस आणि एखाद्या कंटेनरचा फुटलेला टायर एवढ्यांची बेरीज म्हणजे आमचं अंतर. मैलाचे दगड आहेत रस्त्याच्या कडेला, नाही असं नाही. त्यांचा उपयोग टपरीवाल्याला बाकडं टेकवायला होतो.

स्टुटगार्टहून आलेल्या एका साहेबांना वाकडच्या हॉटेलातून चाकणला घेऊन जायचं काम एकदा माझ्याकडे आलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, अंतर किती? मी बेसावधपणे म्हणालो, तीस किलोमीटर. साहेबांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि नऊच्या मीटिंगसाठी सव्वाआठची वेळ ठरवली. आमचे ड्रायव्हर मामा शेजारीच उभे होते. ते मला हळूच म्हणाले, “साहेबांना म्हणावं, साडेसहा.” साहेब हसले. वक्तशीर माणसाला लवकर निघायची गरज पडत नाही, असा तो हसण्याचा अर्थ असावा.

निघालो सव्वाआठलाच. पावणेदहाला आम्ही तळेगाव चौकाच्या अलीकडे उभे होतो. समोर एक भला लांब ट्रेलर तळेगावच्या बाजूला वळत होता, म्हणजे वळायचा विचार करत होता. त्याचा क्लीनर खाली उतरून, गळ्यातला पंचा हातात घेऊन, चौकाच्या मधोमध हवाई दलाच्या माणसासारखे इशारे करत होता. ट्रेलरच्या पोटाखालून दोन मोटरसायकली पलीकडे गेल्या. एक सहा आसनी रिक्षा अकरा माणसं घेऊन उलट्या बाजूने आली आणि सगळ्यांनी मिळून तिला वाट करून दिली, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं: ती आधी पोचली होती. कांद्याच्या पिकअपवर बसलेला म्हातारा या सगळ्याकडे शेताच्या बांधावरून बघावं तसा बघत होता. साहेबांनी विचारलं, “पुढे अपघात झालाय का?” मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, “नाही नाही. आज मोकळंच आहे.”

याचा दोष एकट्या एमआयडीसीला देऊ नये. चाकणमध्ये शिरणं कधीच सोपं नव्हतं. 1660 साली शाहिस्तेखानाने किल्ल्याला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला जवळजवळ दोन महिने बाहेर तिष्ठत ठेवलं. शेवटी खानाने सुरुंग लावून बुरूज उडवला. चाकणहून काही हवेत उडाल्याची इतिहासातली पक्की नोंद तेवढीच. त्याच्या दहाएक वर्षं आधी शेजारच्या देहूहून वैकुंठाला विमान गेलं, पण तो श्रद्धेचा विषय, त्याला इतिहासाच्या खात्यात ओढू नये. मात्र एवढं खरं की ते थेट होतं आणि वाटेत नाशिक फाटा नव्हता. लोहगावच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजूर केला. लोहगाव तुकोबांचं आजोळ, हे त्यामागचं कारण. पण मला विचाराल तर विमानतळांना ज्यांची नावं देतात त्या थोरांमध्ये विमानाचा एवढा जवळचा अनुभव दुसऱ्या कुणालाही नसेल.

लोहगावहून फ्रँकफुर्टला विमान कधीच नव्हतं असंही नाही. 2008 मध्ये लुफ्थान्साने ते सुरू केलं होतं. चालवायला एका स्विस कंपनीकडून घेतलेलं छोटं विमान, आणि सुरुवातीला सगळी आसनं बिझनेस क्लासची. म्हणजे या पट्ट्यातले मोठे साहेब थेट जात आणि आमच्यासारखे मुंबईमार्गे. खरं तर आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या जीपपासून हाच नियम आहे. 2018 च्या डिसेंबरात ती स्विस कंपनी दिवाळखोरीत गेली, पुढे ही सेवाही बंद पडली, आणि मोठे साहेबही आमच्याबरोबर घाटात येऊन उभे राहिले. त्या जागी मोठं विमान आलं नाही, याचं कारण साधंच आहे. लोहगावचा तळ हवाई दलाचा. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. युरोपपर्यंतचं इंधन पोटात आणि तीनशे माणसं पाठीवर घेऊन मोठ्या विमानाने उडावं, एवढी धाव तिच्यावर मिळत नाही. दुबई-बँकॉकसारख्या मधल्या पल्ल्याची उड्डाणं होतात, आणि दुबईला विमान बदलून पुढे जाता येतं. पण त्यात अंतर वाढतं, आणि चाकणचा माणूस घरातल्यांना काय सांगेल? मीटिंगला जातो म्हणून निघाला आणि दुबईला काय करत होता?

म्हणूनच तर चाकणला विमानतळ होणार होता. आजच्या पोरांना हे खरं वाटणार नाही, पण या शतकाच्या पहिल्या दशकात इथल्या प्रत्येक दुसऱ्या फलकावर ‘प्रस्तावित आंतरराष्ट्रीय विमानतळापासून दहा मिनिटांवर’ असे प्लॉट होते. विमानतळ चाकणजवळ होणार, मग राजगुरुनगरकडे सरकणार, मग खेड तालुक्यातल्याच आणखी कुठल्या गावात. जागा बघायची, मोजणी करायची, गावाने विरोध करायचा, मध्ये डोंगर आडवा आहे असं अहवालात निघायचं, पुन्हा पुढची जागा. अखेर 2016 मध्ये विमानतळाने खेड तालुका सोडला आणि तो पुरंदरला गेला. प्लॉट मात्र तिथेच राहिले. अजूनही ते दहा मिनिटांवरच आहेत, कशापासून ते विचारायचं नाही.

आता या विमानतळाच्या प्रवासाचं गणित मांडू. चाकण ते पुरंदरची नियोजित जागा हे अंतर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. वेळ धरा दहा वर्षं, म्हणजे त्याला फायदाच दिल्यासारखं होईल. वर्षाला पाच किलोमीटर. दिवसाला चौदा मीटरही भरत नाहीत. याउलट माउलींची पालखी चाकणच्या शेजारच्या आळंदीहून निघते, पुण्यात दोन मुक्काम करते, दिवे घाट चढते आणि निघाल्याच्या चौथ्या दिवशी पुरंदर तालुक्यात सासवडला पोचते. पायी. लाखो माणसांसकट. वाटेत भजन, फुगड्या आणि चहा. या अख्ख्या पट्ट्यात वेळापत्रक पाळणारी मला माहीत असलेली ही एकमेव वाहतूक व्यवस्था आहे, आणि तिच्याकडे एकही इंजिन नाही.

विमानतळाच्या बाजूने एवढंच बोलता येईल की आमच्याकडे याहून संथ प्रवास झालेले आहेत. बजाजची चेतक आकुर्डीत बनायची. आकुर्डी ते चिंचवड चार किलोमीटर असेल. पण नंबर लावल्यावर ती चिंचवडच्या माणसाच्या दारात यायला त्या काळात दहा-दहा वर्षं लागत. मुलगी जन्मली की नंबर लावायचा, म्हणजे ती कॉलेजात जाईपर्यंत स्कूटर येते, असं लोक थट्टेने म्हणत आणि मग खरोखरच तसं करत.

पुरंदरमध्येही गोष्ट बरीच वर्षं तिथेच थांबली होती, कारण पारगाव, खानवडी, वनपुरी, उदाचीवाडी या गावांतल्या माणसांना आपल्या अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांमध्ये धावपट्टी नको होती. त्यांना हसायचा अधिकार चाकणच्या माणसाला अजिबात नाही. आमच्याच गावांनी त्याला तिकडे पाठवलं.

तर मुंबई. रात्री तीनच्या सुमाराचं विमान असतं. चाकणहून सहार दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि निघायचं संध्याकाळी पाचला. घरचे म्हणतात चारलाच निघ. हा वाद दर वेळी होतो आणि दर वेळी साडेचारला निघून दोघांचाही अपमान केला जातो. शेअर टॅक्सी असेल तर ती आधी निगडीत एकाला, मग वाकडला दुसऱ्याला, मग पुन्हा मागे येऊन रावेतला तिसऱ्याला उचलते. पृथ्वी गोल असल्याचा पहिला पुरावा माणसाला इथेच मिळतो.

गेल्या खेपेला माझ्याबरोबर आखनला एमएस करायला निघालेला एक मुलगा होता. त्याची आई फुटपाथवर उभी राहून गाडी सुटेपर्यंत भाजणीची कृती सांगत होती. मुलीच्या बाळंतपणासाठी म्युनिकला निघालेल्या एक आजी होत्या. त्यांच्या एका बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि खोबरं, दुसऱ्या बॅगेतही तेच, कारण एक बॅग हरवली तर काय घ्या. तिसरे गृहस्थ मांडीवर एक लोखंडी गेज घेऊन बसले होते. तो तुकडा जर्मनीतल्या कारखान्यात परवा सकाळी पोचला नाही तर इथली लाइन उभी राहणार होती, म्हणून कुरिअरऐवजी कंपनीने माणूसच पाठवला होता. माणूस गेजपेक्षा स्वस्त पडतो, असं ते स्वतःच आनंदाने सांगत होते.

आजींनी देहूरोड सोडायच्या आतच विचारलं, “विमान लागतं का हो? मला एसटी लागते.”

ड्रायव्हर म्हणाला, “आजी, विमानाचं काही टेन्शन नाही. तेवढा घाट जाऊ द्या.”

घाट गेला नाही. लोणावळ्याच्या पुढे ब्लॉक होता. एक अवजड वाहन बंद पडलं होतं, आणि त्याच्यामागे सारा महाराष्ट्र इंजिन बंद करून खाली उतरला होता. गेजवाल्यांनी फ्रँकफुर्टला फोन लावून परिस्थिती समजावून सांगायचा प्रयत्न केला. पलीकडच्या माणसाला एवढंच कळलं की विमानाला उशीर आहे. विमान कुठलं, ते बिचारं सहारला वेळेवर येऊन उभं होतं. आजींनी एक डबा उघडला आणि एकेक लाडू सगळ्यांच्या हातावर ठेवला, शेजारच्या गाडीतल्या पोरांच्याही. त्या म्हणाल्या, तेवढंच वजन कमी.

खालापूरला वडा खाऊन, पनवेल, वाशी, चेंबूर करत आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. एवढं होऊनही विमानाला पाच-साडेपाच तास बाकी. या प्रवासाचं वैशिष्ट्यच हे की माणूस एक तर पाच तास आधी पोचतो किंवा पोचतच नाही. वेळेवर पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

विमानात बसल्यावर मात्र सगळं कसं शिस्तीत. समोरच्या पडद्यावर नकाशा येतो आणि नकाशावरचं विमान विनाकारण वर उत्तरेकडे वाकडी वाट धरून चाललेलं दिसतं. शेजारी बसलेल्याला हमखास वाटतं की पायलट मीटर वाढवतोय. तसं नाही. गोल पृथ्वीवर दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट ही सपाट कागदावर वाकडीच उमटते. फ्रँकफुर्टची ती जवळची वाट खरं तर कराचीच्या जवळून, इराण, कास्पियन समुद्राचा काठ आणि युक्रेनवरून जाते. पण युक्रेनचं आकाश 2022 च्या फेब्रुवारीपासून बंद. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना 2025 च्या एप्रिलपासून बंद. इराणचं अधूनमधून. म्हणजे वरही ‘पुढे रस्ता बंद आहे, पर्यायी मार्गाचा वापर करावा’. फक्त तिथे पंचा घेऊन उभा राहणारा क्लीनर नाही.

जाताना पावणेनऊ-नऊ तास लागतात आणि येताना आठ-सव्वाआठ, कारण वरचा वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि येताना पाठीत बसतो. घरी येताना लवकर पोचणं हा या प्रवासातला एकमेव भाग, ज्यात निसर्ग आपल्या बाजूने असतो. या नऊ तासांची किंमत कळायची तर जरा मागे जावं. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं ते कैरोला आणि जिनिव्हाला टेकत टेकत, आणि निघालेली माणसं दिवस-दीड दिवसाने पोचायची. त्या विमानामागे जेआरडी टाटा होते. पुढे पिंपरीत टेल्कोचा कारखाना आला तोही त्यांच्याच काळात. म्हणजे आमच्या पट्ट्याला ट्रक आणि युरोपचं विमान दोन्ही एकाच माणसाने दिलं. पैकी ट्रक खूपच यशस्वी झाले, हे तळेगाव चौकात दिसतंच.

घड्याळाने बघाल तर नऊ तासही लागत नाहीत. रात्री तीनला निघून सकाळी सात-आठला तुम्ही तिथे. मधले साडेचार तास जर्मनीने आधीच खाऊन टाकलेले असतात. हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ पुढे-मागे करतात, आणि त्यानंतरच्या सोमवारी चाकणमध्ये निम्मी माणसं तासभर आधी फोनला बसलेली असतात आणि निम्मी तासभर उशिरा. घड्याळ आपण बदललेलं नसतं, पण माफी आपणच मागतो.

फ्रँकफुर्टला उतरल्यावर पुढे रेल्वे. जर्मन माणूस वेळेचा पक्का, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. या श्रद्धेला तिथल्या फलाटावर तडा जातो. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 मध्ये जेमतेम बासष्ट टक्के वेळेवर आल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत, तरीही. त्या थंडगार फलाटावर आखनचा तो मुलगा फलकावरचा उशीर वाचत उभा होता. मला म्हणाला, “काका, हे तर आपल्यासारखंच आहे.” त्याच्या चेहऱ्यावरचा परकेपणा तेवढ्यापुरता गेला. गेजवाले तर खूषच झाले. त्यांनी लगेच चाकणला फोन लावून सांगितलं की आता उशीर त्यांच्यामुळे आहे, तशी नोंद करून ठेवा.

म्हणून मोबाइलचं ते पावणेनऊ तासांचं उत्तर मला खोटं वाटत नाही, उलट दारापासून दारापर्यंतच्या त्या तीस तासांतला तेवढाच भाग भरवशाचा आहे. साडेसहा हजार किलोमीटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं जे उरतं, त्याची जबाबदारी कुठलंच यंत्र घेत नाही.

आता नवी मुंबईचा विमानतळ झाला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन आणि 25 डिसेंबरला पहिली विमानं. ज्याचं विमान तिथून सुटेल त्याचा वाशी-चेंबूरचा जाच गेला, आणि पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पनवेलच्या पुढे जावंच लागलं नाही तर त्याच्यासारखा सुखी तोच. पण घाट तोच, त्याच्या अलीकडचा रस्ता तोच, आणि तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल आत्ता काही लिहिलं तर अंक छापून येईपर्यंत तिथे नवीन खड्डे पडलेले असतील.

तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी असं करावं. रात्री तीनचं विमान असेल तर चाकण दुपारी चारला सोडा. शुक्रवार असेल तर तीनला. पालख्या निघालेल्या असतील तर आदल्या दिवशीच मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जा, आणि जाताना त्यांच्यासाठीही काहीतरी न्या, दर वेळी नुसतं झोपायला जाऊ नये. आणि पासपोर्ट घेतला की नाही, ते तळेगाव चौकात शिरायच्या आधी बघा. तिथून मागे वळायला जागा नाही.